मूत्राशयाच्या गाठीची प्रत: १९७३ की २००४?

मूत्राशयाच्या गाठीच्या रिपोर्टवर कधी ‘जी २’ लिहिलेलं असतं, कधी ‘लो ग्रेड’, कधी दोन्ही. ही गाठीची प्रत, म्हणजे ग्रेड: पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा दर्जा. गोंधळ उडतो, कारण प्रत ठरवायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन पद्धती आजही शेजारी शेजारी नांदताहेत.

१९७३ची पद्धत तीन पायऱ्यांची: जी १ (सगळ्यात सौम्य), जी २, जी ३ (सगळ्यात आक्रमक). लक्षात ठेवायला सोपी, पण मधली पायरी म्हणजे धर्मशाळा. ठरत नसेल तर टाका जी २ मध्ये! त्यामुळे निरुपद्रवी आणि आक्रमक गाठी एकाच नावाखाली राहिल्या.

२००४च्या पद्धतीने हा मधला डबा फोडला. जी २ पैकी काही गाठी लो ग्रेडमध्ये गेल्या, काही हाय ग्रेडमध्ये. जी ३ सगळ्या हाय ग्रेड. सूक्ष्मदर्शकाखाली बोटांसारख्या झुपक्यांवर पेशी शिस्तीत रचलेल्या दिसल्या तर लो ग्रेड. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी, विभाजन वरच्या थरापर्यंत, तर हाय ग्रेड. सगळ्यात सौम्य गाठींना तर ‘कर्करोग’ हा शब्दही लावायचा नाही असं ठरलं. रुग्णासाठी ही मोठीच गोष्ट, नाव मात्र भलतंच लांबलचक.

मला २००४ची पद्धत जास्त पटते. तरी ‘हाय ग्रेड’मध्ये आता जी २ आणि जी ३ एकत्र कोंबले जातात, म्हणून युरोपातले मूत्ररोगतज्ज्ञ दोन्ही पद्धतींनी प्रत लिहून मागतात.

आणि हो, टीए, टी १, टी २ ही प्रत नव्हे. गाठ भिंतीत किती खोल शिरली, ते त्यातून कळतं.