एम४२ ॲडॅप्टर आणि काकांची हेलिओस लेन्स

आधीच सांगतो, एम४२ ते सोनी ई माउंट ॲडॅप्टर, म्हणजे जुनी एम४२ आट्यांची लेन्स सोनीच्या कॅमेऱ्यावर बसवायची रिंग, घेताना सगळ्यात स्वस्तातला उचलू नका, मी तेच केलं होतं. काकांच्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ लेन्स, ५८ एमएम एफ २, रशियन माल, कपाटात वर्षानुवर्षं पडून होती, नशिबाने बुरशी लागली नव्हती आणि माझ्याकडे सोनीचा ए६४०० कॅमेरा आहे. म्हटलं मध्ये एक रिंग तर बसवायची, त्यात ना काच ना इलेक्ट्रॉनिक्स, त्यात काय डावं-उजवं करायचं.

लेन्स बसली, बाल्कनीतल्या जास्वंदीचा फोटो झकास आला. मग सिंहगडावरच्या टॉवरवर फोकस करायला गेलो तर फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, जाऊन टेकली तरी टॉवर धूसरच, समोरची बिल्डिंगपण धूसर. मला वाटलं लेन्सच गेली, दोन दिवस जीवाला चैन नाही. शेवटी मित्राच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर लावून ॲडॅप्टरची जाडी मोजली. एम४२ लेन्स सेन्सरपासून ४५.४६ एमएमवर बसावी लागते, सोनीचा माउंट, म्हणजे लेन्स अडकते ती कडी, १८ एमएमवर असतो, म्हणजे ॲडॅप्टर बरोब्बर २७.४६ हवा आणि माझा भरला २७.७. फरक पाव एमएमसुद्धा नाही, पण या लेन्सला तेवढ्यात साधारण १४ मीटरच्या पुढचं काहीच शार्प येत नाही!

दुसरा जवळपास दुप्पट किमतीचा घेतला, तो २७.४ भरतो. किंचित कमी असला तर चालतं, इन्फिनिटी खुणेच्या जरा आधी येते एवढंच, जास्त मात्र अजिबात नको. हा खुळखुळत नाही आणि याला कडेला तीन बारीक स्क्रू आहेत, ते सैल करून आतली रिंग फिरवली की लेन्सवरचे आकडे बरोबर वर येतात, पहिल्यात ते खाली जाऊन बसायचे. वर्षभर वापरतोय, तक्रार नाही.

कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्यायचं सेटिंग ऑन करा, नाहीतर क्लिकच होत नाही. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं सेटिंग) लावा पण एफ २ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, झूम करून डोळ्याची पापणीच बघा. गोल फिरणारा बोके (मागची धूसर पार्श्वभूमी) हवा असेल तर माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे लांब, ऊन झिरपणारी झाडं पाहिजेत, आणि माझ्यासारख्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात त्यामुळे तो भोवरा निम्माच दिसतो, मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवाल्यांची खरी मजा. निकॉनचा डीएसएलआर असेल तर साधा ॲडॅप्टर घेऊच नका, तिथे माउंटच ४६.५ एमएमवर आहे, म्हणजे लांबचा फोकस मिळणारच नाही. त्यासाठी काचवाला ॲडॅप्टर लागतो आणि त्या काचेने फोटो मऊ पडतो.

४४-२ ला ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाच्या, दोन रिंगा असतात, एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने उघडझाप करायची. मला हे जमायला आठवडा गेला. परवा काकांच्या हातात कॅमेरा दिला तर त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही, बोटं थेट त्या दुसऱ्या रिंगवर गेली, उघडली, फोकस केला, मिटली आणि मग मला म्हणाले, "आता दाबू कुठे रे?"