घरच्या वर्कशॉपसाठी जुनी टरेट मिल दुरुस्त करून उभी करायची की नवी बेंच मिल घ्यायची?

दोन्ही धातू कापून आकार देणारी मिलिंग मशीनच: टरेट मिल जमिनीवर उभी राहणारी, मोठी; बेंच मिल बाकावर मावणारी, छोटी. आधी जागा बघा. वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर असेल तर विचारच नको, बेंच मिल घ्या. एम१टीआर जातीची टरेट मिल टनाच्या आसपास भरते; ती हायड्रा क्रेनने उतरवून पाइपांवरून ढकलत आत न्यावी लागते. तळमजला, जाड कोबा आणि दारापर्यंत गाडीची वाट असेल तरच खरा प्रश्न पडतो.

एम१टीआर ही १९३८ साली अमेरिकेत निघालेल्या ब्रिजपोर्टच्या घराण्यातली. हेड, म्हणजे कटर फिरवणारा वरचा भाग, झुकतं; ते धरणारी आडवी रॅम पुढेमागे सरकते; जॉब बांधायचं टेबल वरखाली होतं. बेंच मिलमध्ये हेडच खांबावर चढतं-उतरतं. खांब गोल असेल तर हेड हलवताच ते फिरतं आणि जॉबवर जुळवलेलं सेंटर गेलं. नवी घेताय तर डव्हटेल खांबाचीच घ्या, म्हणजे तिरप्या खाचेत हेड सरळ सरकतं, फिरत नाही. लोखंडात टरेट मिल जो कट निमूट घेते, तिथे बेंच मिल थरथरते; पितळ, ॲल्युमिनियम, छोटी मॉडेल इंजिनं एवढ्याला मात्र छान.

जुन्या मशीनचं बेअरिंग, बेल्ट, टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूचा नट हे सगळं बदलता येतं. झिजलेला स्लाइडवे, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं तो पृष्ठभाग, ग्राइंडिंग-स्क्रेपिंगने सुधारतो खरा, पण तो खर्च घरच्या मशीनला परवडत नाही. म्हणून टेबल मधोमध आणून प्ले (ढिलेपणा) जाईपर्यंत जिब, म्हणजे सरकत्या जागेतली फट घट्ट करणारी पट्टी, कसा आणि टेबल टोकाला न्या. तिथे जड होऊन अडकलं, तर मधला भाग खाल्लेला आहे. रंगावर भाळू नका. मी ताज्या हिरव्या रंगावर भाळलो होतो. घरी खरवडल्यावर टेबलात ड्रिलची भोकं निघाली, पुट्टीने बुजवलेली.

डीआरओ, म्हणजे टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले, जरूर लावा, पण शेवटी. टेबल खरोखर किती सरकलं हे स्केल सांगते, त्यामुळे स्क्रूमधला प्ले सोसवतो. क्लाइंब कटला, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवताना, कटर टेबल ओढतो, ते काही थांबत नाही. स्लाइडवे झिजलेला असेल तर आकडा बरोबर आणि जॉब वाकडा.

विजेचं दुखणं मात्र बरं होण्याजोगं आहे: मोटर थ्री फेजची आणि घरची वीज सिंगल फेज. २ एचपीची मोटर सहसा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असते; डेल्टा ही कमी व्होल्टची दुसरी जोडणी. टर्मिनल बॉक्सात सहा टोकं असतील तर नेमप्लेट पाहून पट्ट्या बदला, डेल्टा करा आणि सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर चालवा; हा ड्राइव्ह सिंगल फेजची थ्री फेज करतो आणि मोटरचा वेगही बदलतो. तीनच टोकं असतील तर वाइंडिंगवाला गाठा. आणि व्हीएफडी आला म्हणून वेग बदलायला बेल्ट पुलीवर सरकवणं सोडू नका: निम्म्या हर्ट्झवर मोटरची शक्तीही निम्मीच उरते, मोठ्या कटरला ते जाणवतं.

पुढे मशीन सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी, करायचं मनात असेल तर जागा असली तरी बेंच मिलच घ्या. हलकं टेबल छोट्या मोटरी सहज ओढतात.

सौद्याआधी स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटरचा होल्डर बसतो त्या निमुळत्या भोकाचा प्रकार, विचारा, आणि कटर पकडणारे कॉलेट, वाईस, क्लॅम्प मशीनसोबतच गाडीत चढवून घ्या. पैसे मोजल्यावर ते कुणी शोधून देत नाही.