पितळी बिल्ला, जीपीएस ट्रॅकर, ब्लूटूथ टॅग आणि चिप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कुत्रं हरवलं तर सापडावं म्हणून दिवाळीच्या फटाक्यांआधी लावलेली ही चारही साधनं आता अर्धा पावसाळा काढून बसली आहेत. वापर दोन कुत्र्यांवर: २२ किलोची कारवानी आणि ९ किलोचा गावठी. मुक्काम पुण्यात, महिन्यातून दोनदा मुळशीकडे.

सगळ्यात जास्त भरवसा बसला तो दीडशे रुपयांच्या पितळी बिल्ल्यावर. हरवलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा धरतो तो कुणी रिक्षावाला, वॉचमन किंवा शाळकरी पोरगा. त्याच्याकडे स्कॅनर नसतो, आपलं ॲप नसतं. फोन मात्र असतो.

बिल्ला नेमप्लेट कोरणाऱ्याकडून करून घ्या. ३० मिलिमीटर रुंदी आणि दीड मिलिमीटर जाडी पुरते. अक्षरं छापून घेऊ नका, खोल कोरून घ्या. ॲल्युमिनियमवर छापलेला नंबर चार महिन्यांत पुसट झाला. एका बाजूला दोन मोबाइल नंबर, दोन वेगवेगळ्या माणसांचे, आकडे निदान ५ मिलिमीटर उंच. मागे ‘औषध चालू आहे, फोन करा’. कुत्र्याचं नाव नसलं तरी चालतं. अडकवायला एस आकाराची कडी अजिबात नको, ती झटक्यात उघडते. किल्ल्यांना असते तशी दुहेरी स्टीलची कडी घ्या आणि बिल्ल्याचं भोक झिजलं का ते महिन्याला बघा. त्याहून बरं म्हणजे बिल्ला रिव्हेटने पट्ट्यावर सपाट बसवणं. मग तो झुडपात अडकत नाही.

जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले घातले गेले, तेव्हापासून अशा बिल्ल्यांची चौकशी वाढली. लसीकरणाची माहिती ठेवायला ते उत्तम. पाळीव कुत्र्यासाठी मात्र कोडखाली नंबरही हवाच, कारण ओरखडे पडलेला कोड उघडत नाही आणि घाबरलेलं कुत्रं मानेजवळ फोन धरू देत नाही.

पट्टा ढिला असेल तर हे सगळं फुकट. कारवानी, मुधोळ, पश्मी या सडपातळ शिकारी जातींचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सटकतो. त्यांना ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. बाकीच्यांना दोन बोटं जातील इतकाच सैल. चामडी पट्ट्याला जूनमध्येच बुरशी आली, आणि ओल्या पट्ट्याखाली गावठ्याच्या मानेवर चट्टाही उठला. आता नायलॉनचे दोन पट्टे आलटून पालटून, दोन्हींवर बिल्ला.

आता सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर. याच्याबद्दल दुकानदार सगळ्यात कमी सांगतात. घेण्याआधी तो ४जी आहे का ते बघा. स्वस्तातले बरेचसे २जीवर चालतात आणि त्यांत जिओचं सिम उपयोगाचं नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. सिम आधी फोनमध्ये घालून पिन लॉक काढा, डेटा आणि एसएमएस दोन्ही चालतात याची खात्री करा, मगच ट्रॅकरमध्ये टाका. एपीएन, म्हणजे सिमकंपनीच्या इंटरनेट जोडणीची सेटिंग, बहुतेक वेळा एसएमएसने द्यावा लागतो. रिचार्ज संपला की ट्रॅकर गप्प होतो आणि ॲपवर जुनी जागा तशीच दिसत राहते. म्हणून नकाशावरच्या ठिपक्याआधी शेजारची वेळ वाचायची.

बॅटरी खोक्यावर पाच दिवस. दर दहा मिनिटांनी जागेची नोंद ठेवली तर अडीच दिवस, दहा सेकंदांवर ठेवली तर एक रात्रसुद्धा धड नाही. पण दहा मिनिटांत ताशी ५ किलोमीटरने चालणारं कुत्रं ८०० मीटर पुढे गेलेलं असतं. रोज दहा मिनिटांवर ठेवायचं आणि कुत्रं सुटलं की लगेच दहा सेकंदांवर आणायचं. हे बटण ॲपमध्ये कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

चूक होते ती एलबीएसमुळे, म्हणजे टॉवरवरून जागा ठरवण्यामुळे. पत्र्याखाली किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रह दिसत नाहीत, मग यंत्र मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं. तो अंदाज शेकडो मीटर, गावाकडे किलोमीटरभरही चुकतो, आणि माणसं त्या ठिपक्याकडे धावतात. ठिपका जीपीएसचा की टॉवरचा, हे ॲप दाखवतं. टॉवरचा असेल तर पुढची नोंद येईपर्यंत शेवटच्या जीपीएस ठिपक्याभोवतीच शोधा. ॲपमध्ये घराभोवती आखलेल्या कुंपणाचा इशारा ५० मीटरवर ठेवला तर कुत्रं घरात झोपलेलं असतानाही वाजतो. १५० मीटरवर खोटे इशारे जवळजवळ थांबले, पण धावतं कुत्रं तेवढं अंतर २०-२५ सेकंदांत कापतं. तेव्हा इशारा म्हणजे कुंपण नव्हे. वजन ३५ ग्रॅम. चार-पाच किलोच्या कुत्र्याला हा बांधू नये.

ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसतं. जवळून जाणारा दुसऱ्याचा फोन त्याची जागा कळवतो. ॲपलच्या जाळ्यातला टॅग घेतला तर जवळून आयफोन जायला हवा, म्हणजे गावात जवळपास निरुपयोगी. गुगलच्या जाळ्याला अँड्रॉइड फोन भरपूर, पण मूळ सेटिंगमध्ये गर्दीच्या ठिकाणचीच जागा कळते. सोसायटीत छान, टेकडीवर नाही. लोंबता टॅग चावला जातो, म्हणून पट्ट्याच्या आतून शिवलेल्या कप्प्यात ठेवा. आतला नाण्यासारखा चपटा सीआर२०३२ सेल कुत्र्याने गिळला तर अन्ननलिका भाजते: उलटी करवू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवलेली. तिला बॅटरी नाही, ती जागा सांगत नाही. स्कॅनर अगदी जवळ धरला तर १५ आकडे देते, एवढंच. ते आकडे कुठल्या डेटाबेसमध्ये आणि कोणत्या फोन नंबरासह नोंदले, हे लेखी घ्या. नोंद नसलेली चिप मुकी असते. चिप सरकू शकते, म्हणून दर लसीकरणाला खांदे आणि छातीपर्यंत स्कॅन करून घ्या. कुत्रं युरोपात न्यायचं असेल तर चिप रेबीजच्या लसीआधी बसवलेली हवी, नाहीतर ती लस धरत नाहीत.

२०२४ मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीचा ‘महाराज’ नावाचा कुत्रा पंढरपुरात चुकला आणि सुमारे २५० किलोमीटर तुडवून घरी आला. बातमी वाचून डोळे भरतात, पण त्या आशेवर घरी बसू नका. पहिल्या तासातच घंटागाडीवाले, दूधवाले, मटणाचं दुकान आणि कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांपर्यंत पूर्ण अंगाचा फोटो पोचवा. महापालिकेच्या नसबंदी केंद्रात स्वतः जाऊन बघा. गाडीने उचललेलं असू शकतं. फोटोत एखादी खूण मुद्दाम दाखवू नका. ‘कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा’ म्हणणाऱ्याला तीच विचारायची. खरा शोध पहाटे चार ते सहा, रस्ते शांत असताना. कुत्रं दिसलं तर मागे धावू नका, हाक मोठ्याने मारू नका. बाजूला तोंड करून खाली बसा, वासाचं खाणं पुढे टाका आणि ते स्वतः अंगाला येऊन लागेपर्यंत पट्ट्याकडे हात नेऊ नका.