दारात येऊन टायर बसवणाऱ्याने माझे ४९५ पौंड ६० पेन्स नेले

इंग्लंडमध्ये खेड्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाचाच. लिहायची लाज वाटते, पण गप्प बसले तर तो माणूस उद्या तुमच्या दारात उभा राहील.

आम्ही ग्लॉस्टरशरमधल्या एका लहान गावात राहतो. गॅरेज नऊ मैलांवर. फेब्रुवारीत पावसाने इथल्या रस्त्यांची कशी चाळण होते ते वेगळं सांगायला नको. मंगळवारी संध्याकाळी पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि टायर बाजूने फाटला. आमच्या गाडीत स्टेपनी नाही, नुसती फोमची बाटली, आणि बाजूने फाटलेल्या टायरवर ती कुचकामी. सकाळी सातला माझी हॉस्पिटलची ड्युटी. नवरा साताऱ्याला, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी. हे एवढ्यासाठी सांगते की ‘एवढी घाई कशाला केलीस’ असं पाच जणांनी ऐकवून झालंय.

मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर जाहिरात, जवळच्या शहराचं नाव आणि तिथलाच फोन नंबर. वाटलं, जवळचेच आहेत. फोनवरच्या बाईने साइज विचारली, २०५/५५ आर१६, आणि टायर, बसवणं, घरी येणं सगळं धरून ९५ पौंड सांगितले. मी मेसेजवर भाव लिहून मागितला नाही. तुम्ही मागा. देत नसतील तर फोन ठेवा.

पावणेआठला व्हॅन आली. व्हॅनवर नाव नाही. त्याने गाडी जॅकवर घेतली, डावं चाक काढलं, मग न विचारता उजवंही काढलं. टॉर्च मारून म्हणाला, हाही आतून झिजलाय, १.६ मिलिमीटरच्या खाली, पोलिसांनी धरलं तर एका टायरला २५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. हा कायदा खरा आहे, म्हणूनच मी घाबरले. वर म्हणाला, पुढची जोडी एकदमच बदलावी लागते, तसा नियम आहे. असा कोणताही नियम नाही! उजवा टायर आम्ही नोव्हेंबरमध्येच ८८ पौंडांना नवा टाकला होता. बिल स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये होतं. मी तसं त्याला म्हटलंही, पण आत जाऊन बिल आणलं नाही.

आणि आता ते, ज्याने मला अजून झोप लागत नाही. त्याने आणलेला टायर भिंतीला टेकवला होता. वाटेतून सरकवायला मी हात लावला, तर तळवा काळा झाला, ओला काळा. नव्या टायरवर कागदी लेबल असतं, रंगीत रेघा असतात, रबराचे बारीक केस असतात. यावर काहीच नव्हतं, नुसती चकाकी. आमच्या साताऱ्याच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवल्याशिवाय पैसे घेत नाही, आणि इथे मी हात धुवून आले आणि त्याच हाताने पैसे पाठवले.

त्याने केलेला हिशेब असा: दोन टायर २६०, संध्याकाळी येण्याचे ६५, लॉकिंग नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून असतो तो) किल्ली बसत नाही म्हणून नट तोडण्याचे ६०, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगचे १८, जुने टायर नेण्याचे १०. झाले ४१३. त्यावर २० टक्के व्हॅट ८२.६०. एकूण ४९५.६०. पावतीवर व्हॅट नंबर नाही, पत्ता नाही. गाडी जॅकवर, दोन्ही चाकं निघालेली, आणि तो पाना हातात धरून उभा. कार्ड मशीनला सिग्नल नाही म्हणाला. आमच्याकडे सिग्नल खरंच नसतो, म्हणून विश्वास बसला. मग बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवायला गेले, तर त्याने सांगितलेलं नाव खात्याच्या नावाशी जुळत नाही असं दाखवलं. अंधारात, थंडीत, मुलगी घरात एकटी. मी ‘पुढे जा’ दाबलं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

शनिवारी गॅरेजमध्ये टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: २३१६. म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. दोन्ही वापरलेले, एकाला आतून ठिगळ. वापरलेला टायर विकताना त्यावर ‘पार्ट-वॉर्न’ असा शिक्का लागतो, तो नव्हता. नवे दोन टायर १८४ पौंड, नटचा संच २८. सगळे मिळून ७०७.६०. माझा चांगला टायर तो घेऊन गेला तो वेगळाच. जुना टायर कधीही नेऊ देऊ नका, पुरावा तोच असतो.

बँक म्हणते, टायर मिळाले ना, मग ही फसवणूक नाही, व्यवहारातला वाद आहे. ऑक्टोबर २०२४पासून फसवून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी परत द्यायचा नियम आहे, पण तो अशा वादाला लागू नाही म्हणे. वर, तुम्ही इशारा पाहूनच पुढे गेलात! पोलिसांच्या १०१वर ३८ मिनिटं थांबले, उत्तर मिळालं, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक हेल्पलाइनने सगळं पुन्हा सांगायला लावलं, एक नंबर दिला आणि ‘माहिती पुढे पाठवली आहे, ते संपर्क करतीलच असं नाही’. फसवणूक नोंदवायच्या पोर्टलवर तासभर फॉर्म भरला, उत्तर म्हणून ईमेल आला की या ईमेलला उत्तर देऊ नका. अरे, दहा वर्षांचे टायर लावून मी मुलीला ताशी ६० मैलांच्या रस्त्यावरून शाळेत सोडत होते! याची जबाबदारी कुणाचीच नाही? प्रत्येकाकडे दुसऱ्याचा फोन नंबर तयार.

क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४च्या ‘कन्झ्युमर क्रेडिट’ कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीकडे मागता आले असते. म्हणून कार्ड मशीन चालत नसेल तर त्याला परत पाठवा, रात्रभर गाडी उभी राहिली तरी चालेल. चाक काढायच्या आधी टायरचे चार आकडे वाचा. व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. प्रामाणिक टायरवालेही आहेत, आमच्या शेजारच्या आजोबांचा एक आहे; मी त्यांना आधी विचारायला हवं होतं, त्यांचा दिवाही चालू होता.

ते दोन टायर शेडमध्ये आहेत. नवरा म्हणतो टाकून दे, बघून त्रास होतो. मी टाकणार नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टाची एवढ्या रकमेची फी ७० पौंड आहे. त्या माणसाचा पत्ता मिळाला की मी ती भरणार आहे.