परळमधील संविधान कार्यशाळा: पूर्वार्ध भरघोस, उत्तरार्ध घाईचा

परळमधील एक स्वयंसेवी संस्था नोकरदारांसाठी दर महिन्याला तीन तासांची संविधान कार्यशाळा घेते. शुल्क ३०० रुपये असून त्यात छापील टिपणे मिळतात. नोकरीतील भेदभावावर नागरिक स्वतःच्या पुढाकाराने राज्याच्या संविधानातच बंदी आणू शकतात का, हा या वेळचा विषय होता आणि उदाहरण म्हणून अमेरिकेतील ओहायो राज्याची कार्यपद्धती घेतली होती.

प्रत्येक गटाने तशा दुरुस्तीचा मसुदा लिहायचा आणि पुढची वाट टप्प्याटप्प्याने समजून घ्यायची, ही पद्धत मला फार आवडली. ओहायोत आधी किमान १,००० मतदारांच्या सह्यांनिशी प्रस्तावाचा सारांश ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, जातो. त्यानंतर गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीतील एकूण मतांच्या १० टक्के सह्या गोळा कराव्या लागतात, आणि ८८ पैकी किमान ४४ काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) हे प्रमाण निदान ५ टक्के भरावे लागते. ही अट सर्व काउंटींना लावण्याचा आणि दुरुस्तीवरील मतदानात मंजुरीसाठी ६० टक्के मते आवश्यक करण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२३ मध्ये मतदारांनीच फेटाळला. आमच्या मसुद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाखाली प्रशिक्षकांनी लाल रेघ ओढून विचारले, “कंत्राटी कामगार यात येतो का?” गटात एका रुग्णालयातील कंत्राटी वॉर्डबॉय होता, त्यानंतरचा अर्धा तास आम्ही त्या एका शब्दावरच घालवला, आणि तो सत्कारणी लागला.

भारताचा भाग मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला, हे मला खटकले. आपल्याकडे राज्यांना स्वतंत्र संविधान नाही, घटनादुरुस्ती अनुच्छेद ३६८ नुसार संसदेतच मांडावी लागते आणि अनुच्छेद १६ मधील समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती आहे, एवढे सांगून सत्र संपले. खासगी नोकरीत दाद कशी मागायची, हा बहुतेकांचा प्रश्न तसाच राहिला. याच शहरातील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या महिला स्टेनोग्राफरला पुरुषांइतक्या वेतनाचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल टिपणांत असायलाच हवा होता. कंपनीची आर्थिक अडचण ही समान वेतन नाकारण्याची सबब ठरू शकत नाही, असे न्यायालयाने त्यात बजावले आहे.

तरीही कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांनी आणि मनुष्यबळ विभागातील मंडळींनी ही कार्यशाळा जरूर करावी. जाताना आपले नियुक्तिपत्र सोबत न्यावे, कारण सत्रानंतर प्रशिक्षक ते बारकाईने वाचून देतात.