अटारी पाँग टेबल : पडद्यावरचा चेंडू काचेखाली

‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा जुना व्हिडिओ गेम, ज्यात दोन खेळाडू आपापली फळी सरकवून चेंडू परतवतात. तो मोटारी, पट्टे आणि लोहचुंबक वापरून पुन्हा उभा करायचा, ही कल्पना गमतीची वाटली तरी तिच्यात एक पेच दडलेला आहे. १९७२ साली ॲलन अल्कॉर्न यांनी अटारी या अमेरिकी व्हिडिओ गेम कंपनीसाठी हा खेळ घडवला, तेव्हा त्यातला चेंडू म्हणजे पडद्यावरचा प्रकाशाचा चौकोनी ठिपका होता. त्याला वजनच नव्हते, म्हणून फळीला लागताच तो क्षणात उलटा फिरू शकत होता. उरुग्वेतील काही हौशी मंडळींनी हाच खेळ टेबलावर आणला, २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवणाऱ्या संकेतस्थळावर त्यासाठी निधी उभारला गेला आणि पुढे अटारीच्या परवान्याने युनिस या कंपनीने त्याचे उत्पादन केले. वजन असलेल्या वस्तूला वजन नसल्यासारखे वागायला लावणे हे या टेबलाचे खरे काम असल्याने त्याची पारख याच कसोटीवर व्हायला हवी.

टेबलाचे दोन प्रकार आहेत : एक गेम पार्लरसाठी, नाणे टाकून खेळायचा, आणि दुसरा दिवाणखान्यात टीपॉय म्हणून मांडायचा. पहिला मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील एका पार्लरमध्ये खेळलो आणि दुसरा एका स्नेह्यांच्या घरी. दोन्हींत काळ्या पृष्ठभागावर पांढरा चौकोनी ठोकळा, दोन टोकांना दोन पांढऱ्या फळ्या, मधोमध तुटक रेघ आणि दिव्यांच्या ठसठशीत आकड्यांत गुण, असा सगळा थाट मूळ पडद्यासारखाच आहे. पृष्ठभागाच्या खाली मोटारींच्या जोरावर उभा-आडवा सरकणारा चुंबक असतो आणि वरचा ठोकळा त्याच्यामागे ओढला जातो. म्हणजे चेंडू फळीवर आपटून उसळत नाही. फळी कुठे आहे आणि चेंडू कुठे आहे याचा हिशेब आतले सर्किट ठेवते आणि नेमक्या जागी चुंबकाची दिशा बदलते. त्याच क्षणी ओळखीचा ‘पिप’ आवाज येतो आणि टोला बसल्याची आपली खात्री पटते.

ही खात्री पटणे हेच या टेबलाचे मोठे यश आहे. फळीजवळ डोके नेऊन पाहिले, तर ठोकळा वळताना किंचित थरथरतो, त्याचा एक कोपरा जरासा मागे राहतो आणि लगेच सरळ होतो. पण खेळायच्या उंचीवरून हा थरथराट दिसत नाही, उलट त्यामुळे चेंडूला थोडी जान आल्यासारखी वाटते. गोल खुंटी फिरवली की फळी विनाविलंब सरकते, आणि तिथे जराही दिरंगाई झाली असती तर बाकीची सारी कारागिरी वाया गेली असती. फळीच्या कडेने घेतलेला चेंडू तिरका सुटतो, जे आवश्यकच होते, कारण अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग कल्पून प्रत्येक भागाला परतीचा वेगळा कोन दिला होता आणि पाँगमधले सारे डावपेच त्या कोनांवरच उभे आहेत.

कमतरता जाणवते ती वेगात. मूळ खेळात रॅली, म्हणजे चेंडूची सलग देवाणघेवाण, लांबली की चेंडू वेग घेतो आणि शेवटी माणसाच्या हाताला आवरत नाही. इथे ठोकळा, चुंबक आणि पट्टा या सर्वांना थांबवून पुन्हा उलटे पळवायचे असल्याने वेगाला मर्यादा आहे, आणि सराव झालेल्या दोन खेळाडूंना ती लवकर कळते. माझ्या दृष्टीने हा दोष नव्हे, वजनाची चुकवलेली किंमत आहे. पण पार्लरमधल्या जुन्या यंत्रावर हात बसलेल्या माणसाला इथला खेळ थोडा सौम्य वाटेल, हे सांगितलेले बरे. मोटारींची घरघरही आहेच. पार्लरच्या गोंगाटात ती बुडून जाते, शांत खोलीत मात्र प्रत्येक फटक्यामागे ती ऐकू येते, आणि मला ती आवडली.

मूळ पाँगमध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅमही नव्हता. साध्या लॉजिक चिप एकमेकींना जोडून सगळा खेळ तारांतून उभा केला होता. या टेबलात सगळे हलते, आणि ते सगळे प्रोग्रॅमच्या तालावर हलते. पाँगच्या आधी पार्लरवर राज्य होते ते पिनबॉलचे आणि सेगा या जपानी कंपनीच्या ‘पेरिस्कोप’सारख्या विद्युत-यांत्रिक खेळांचे, ज्यात साखळीवर सरकणाऱ्या प्लास्टिकच्या जहाजांवर दिव्यांचे टॉर्पेडो सुटत. अशा यंत्रांना मागे सारणाऱ्या लाटेचा आरंभ ज्या खेळाने केला, तोच आता मोटारी आणि पट्टे घेऊन त्यांच्या पंगतीला बसला आहे. (पाँगचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या ज्या सनीवेलमधील अँडी कॅप्स टॅव्हर्न या दारूच्या गुत्त्यात चाचणीसाठी ठेवले होते, त्या गावात आज मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे, त्यांतल्या कितीजणांना आपल्या शेजारच्या या इतिहासाची कल्पना आहे कोण जाणे. ते यंत्र थोड्याच दिवसांत बंद पडले, आणि उघडून पाहिले तेव्हा नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला निघाला.)

घरगुती टेबलात ब्लूटूथ स्पीकर, मोबाइल चार्ज करायची सोय आणि गुणांच्या आकड्यांवर दिसणारे घड्याळ दिले आहे. यांपैकी घड्याळ तेवढे शोभते. बाकीच्या गोष्टी किंमत पटवून देण्यासाठी जोडल्यासारख्या वाटतात. टीपॉय म्हणूनही ते अर्धवटच आहे, कारण काचेवर चहाचे कप मांडले की चेंडू त्यांच्याआड जातो आणि खेळायचे झाले की आधी आवराआवर करावी लागते. यंत्राविरुद्ध एकट्याने खेळता येते, परंतु त्यात थोड्या वेळाने मन रमत नाही. समोर खिजवणारा, कुरघोडी करणारा माणूस असला तरच टेबल रंगात येते आणि मग भोवती बघ्यांचे कडे जमते. पडद्यावरच्या पाँगकडे आज कोणी वळूनही पाहणार नाही, पण या ठोकळ्यामागे लहान मुलांची नजर खिळून राहते आणि काही वेळाने एखादे मूल टेबलाखाली वाकून ‘हे ढकलतंय कोण?’ ते शोधू लागते.

किंमत हजार डॉलरांच्या पुढची आहे, त्यामुळे केवळ हौसेखातर घ्यावे असे मी म्हणणार नाही. ज्या कचेरीत, कॅफेत किंवा क्लबात रोज माणसांची ये-जा असते तिथे त्याचे चीज होईल. चौकोनी कुटुंबाच्या घरात पहिली नवलाई ओसरल्यावर ते बहुधा टीपॉयच उरेल. वापरलेले टेबल मिळत असेल तर सौदा करण्यापूर्वी दोन्ही फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहाव्यात, काही लांब रॅली खेळाव्यात आणि कडेला वळताना चेंडू अडखळतो का, घरघरीत मध्येच खट्ट असा आवाज येतो का, याकडे लक्ष द्यावे. पट्टे आणि मोटारी झिजतात, त्यामुळे सुटे भाग कुठून मिळणार याची चौकशीही त्याच बैठकीत करून घ्यावी.