गणिताच्या प्रशिक्षणाचे ५० तास: दीक्षा, शिक्षण परिषद की कार्यशाळा?

तिसरीतला मुलगा ६२ वजा ३८ चं उत्तर ३६ लिहितो. ‘हातचा विसरला’ म्हणून आपण लाल फुली मारतो. पण तो विसरलेला नसतो. दोन्ही घरांत त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो, आणि तेही अगदी नेमाने. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. हे तास कुठे घालवायचे हे ठरवताना मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारतो: या ३६ चं काय करायचं ते इथे कळेल का?

दीक्षा या सरकारी ॲपवरचे अभ्यासक्रम सगळ्यात सोयीचे. फुकट, घरबसल्या, वर प्रमाणपत्र. निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या मालिकेत १२ भाग आहेत. त्यातला संख्याज्ञानाचा भाग शांतपणे केला, तर संकल्पनांची उजळणी चांगली होते. पण व्हिडिओ पुढे ढकलून चाचणी देता येते, हे आपण सगळे जाणतो. शिवाय तुमच्या वर्गातली वही तिथे कोणीच उघडत नाही. नव्याने रुजू झालेल्यांनी इथून सुरुवात करावी. दहा-बारा वर्षं शिकवलेल्यांना त्यात फारसं नवं मिळणार नाही.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद नीट झाली तर तिच्यासारखं काही नाही, कारण समोर बसलेल्यांच्या वर्गातही हाच ३६ आलेला असतो. अडचण एवढीच की अर्धा वेळ यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंदणी) आणि तातडीच्या माहितीतच जातो. त्यावर उपाय म्हणजे चुकलेल्या पाच-सहा वह्या घेऊन जायच्या आणि ‘यावर वीस मिनिटं बोलू या’ असं केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवायचं. बहुतेक जण हो म्हणतात. त्यांनाही विषय हवाच असतो.

माझा कल मात्र साहित्य हातात देणाऱ्या कार्यशाळेकडे आहे. गणिताचं शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या नवनिर्मितीसारख्या संस्थांनी आपल्याकडे या कामाची वाट घालून दिली. चांगल्या कार्यशाळेत शिक्षकालाच अडखळायला लावतात. दहाऐवजी पाच-पाच काड्यांचे गठ्ठे बांधून बेरीज करायला सांगितली की वीस वर्षं गणित शिकवलेला माणूसही बोटं मोजू लागतो. मग ६२ म्हणजे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, आठ द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे मुलाला हातानेच का कळायला हवं ते उमगतं.

तिथेच मराठीचा वेगळा पेचही निघतो. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद पुष्कळ झाले, पण मुलं कुठे अडतात यावर त्या मानाने कमीच बोललं गेलं. बाहेरच्या भाषेतून आलेल्या प्रशिक्षणात हा पेच सहसा नसतोच. कार्यशाळेचा तोटा म्हणजे प्रवास, रजा आणि कधी कधी खिशातले पैसे. आणि साहित्य परत येऊन कपाटात गेलं, तर सगळंच वाया.

चौथा पर्याय जपानी शाळांतला पाठ-अभ्यास: सगळ्यांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने तो घ्यायचा आणि बाकीच्यांनी शिक्षकाकडे नाही तर मुलांकडे बघायचं. खर्च शून्य. पण द्विशिक्षकी शाळेत दुसऱ्याचा वर्ग कोण सांभाळणार? शेजारच्या शाळेशी जमलं तरच.

माझी वाटणी अशी: दीक्षावर १०-१२ तास, एक दोन-तीन दिवसांची कार्यशाळा आणि उरलेले तास परिषदेत, वह्यांसकट. कार्यशाळेला नाव देण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा, काड्या-मणी हाताळायला मिळणार की नुसत्या स्लाइड्स बघायच्या? स्लाइड्स असतील तर दीक्षा आहेच, निदान प्रवास तरी वाचेल.